कोणत्या मुलांना दत्तक कुटुंब हवे असते, आणि ती आईवडिलांपासून का दुरावतात?

ऐरोली येथील एका दांपत्याचा प्रश्न असा आहे: दत्तकासाठी नोंदणी करून दोन वर्षे उलटली तरी त्यांचा क्रमांक लागलेला नाही. दुसरीकडे जिल्ह्यातील बालगृहे मुलांनी भरलेली दिसतात. मग ही मुले वाट पाहणाऱ्या पालकांना का दिली जात नाहीत, आणि मुळात ती येतात कोठून? त्यांच्या घरातील ज्येष्ठांनी "कोणाचे मूल असेल, आईने का टाकले असेल" अशी शंकाही काढली आहे. ठाणे जिल्ह्यात दत्तक आणि बालसंरक्षणाच्या कामात समाजकार्यकर्ती म्हणून मी दीर्घकाळ आहे, आणि या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकत्रच द्यावे लागते असे माझे मत आहे. मूल का दुरावले हे कळल्याशिवाय ते दत्तकासाठी उपलब्ध का आहे किंवा का नाही, हे कळत नाही.

प्रथम बालगृहांविषयी. भिवंडी किंवा उल्हासनगर येथील बालगृहांत राहणारी बहुसंख्य मुले अनाथ नसतात. कोणाचे वडील वारलेले असतात आणि आई घरकामाला जाऊन मुलाला दिवसभर सांभाळू शकत नाही. कोणाची आई क्षयरोगाने किंवा मानसिक आजाराने अंथरुणाला खिळलेली असते. कोणाचे पालक तुरुंगात असतात. कोणी घरातील मारहाणीला कंटाळून गाडीत बसून आलेले आणि कल्याण स्थानकावर सापडलेले असते. यंत्रमागावर काम करणाऱ्या किंवा हंगामात वीटभट्टीवर स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांतील मुलेही त्यांत असतात. या मुलांना कुटुंब आहे, आणि ते कुटुंब पुन्हा उभे राहावे यासाठी प्रयत्न करणे हे बाल कल्याण समितीचे, म्हणजे अशा मुलांविषयी निर्णय घेणाऱ्या जिल्ह्यातील कायदेशीर समितीचे, पहिले कर्तव्य आहे. दत्तकविधान झाले की जन्मदात्यांशी असलेला कायदेशीर संबंध कायमचा संपतो. केवळ घरात पैसा नाही म्हणून एवढे टोकाचे पाऊल उचलणे अन्यायाचे ठरेल. महाराष्ट्रात बालसंगोपन योजनेतून अशा मुलांसाठी दरमहा २,२५० रुपये मिळतात. रक्कम मोठी नसली तरी मूल आजीकडे किंवा मावशीकडे राहू शकेल की संस्थेत जाईल, हे कित्येकदा तेवढ्यावरच ठरते. तेव्हा बालगृहातील मुलांची संख्या पाहून "एवढी मुले पडून आहेत" असा निष्कर्ष काढणे योग्य नाही.

दत्तक देता येते ते मूल बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार दत्तकमुक्त, म्हणजे दत्तक देण्यास कायद्याने मोकळे, असे घोषित झालेले असावे लागते, आणि अशी मुले मुख्यतः तीन वाटांनी येतात. ज्यांचे आईवडील हयात नाहीत आणि सांभाळणारे कोणी पुढे येत नाही, ती अनाथ मुले; ज्यांना कोठेतरी सोडून पालक निघून गेले, ती परित्यक्त मुले; आणि ज्यांना आईने किंवा आईवडिलांनी समितीपुढे येऊन, लेखी देऊन स्वाधीन केले, ती मुले. या तिसऱ्या प्रकाराला आमच्या कामात सर्रास "सरेंडर" असेच म्हटले जाते. परित्यक्त मुलाच्या बाबतीत वृत्तपत्रांत छायाचित्र व वर्णन प्रसिद्ध करून, पोलिसांमार्फत शोध घेऊन, मूल दोन वर्षांपर्यंतचे असल्यास दोन महिन्यांत आणि त्याहून मोठे असल्यास चार महिन्यांत समितीने निर्णय द्यावा, अशी तरतूद आहे. स्वाधीन केलेल्या मुलाच्या बाबतीत आईला फेरविचारासाठी दोन महिने मिळतात.

आता कारणांकडे वळते, आणि येथे थोडे विस्ताराने लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण घरातील ज्येष्ठांच्या शंकेचे उत्तर यातच आहे.

स्वाधीन केलेल्या तान्ह्या बाळांच्या माता अनेकदा अविवाहित असतात. त्यांपैकी काही अल्पवयीन मुली असतात, ज्यांच्यावर ओळखीच्या, बहुधा घरातल्या किंवा शेजारच्या पुरुषाने अत्याचार केलेला असतो. मुलगी भीतीने बोलत नाही, पाळी चुकल्याचे घरात कोणाच्या लक्षात येत नाही, आणि पोट दिसू लागल्यावर तिला दवाखान्यात नेले जाते तेव्हा फार उशीर झालेला असतो. अशा मुलींना २०२१ पासून लागू झालेल्या सुधारणेनुसार २४ आठवड्यांपर्यंत गर्भपात करता येतो, परंतु आमच्यापर्यंत येणाऱ्या मुली प्रायः ती मुदत ओलांडूनच येतात. पोक्सो, म्हणजे बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या, कायद्याखाली गुन्हा नोंदवला जातो, खटला सुरू राहतो, आणि ज्या मुलीने शाळेच्या बाकावर असायला हवे तिच्यापुढे बाळाचे काय करायचे हा प्रश्न उभा राहतो. काही माता सज्ञान असतात. गावाहून कामासाठी येऊन वाशी, तुर्भे किंवा कळव्यात भाड्याच्या खोलीत राहणारी, लग्नाच्या वचनावर विश्वास ठेवलेली, आणि दिवस गेल्याचे सांगताच ज्याने मोबाइल बंद केला त्याचा पत्ताही नसलेली स्त्री या कामात वारंवार भेटते. तिला मूल नकोसे असते असे समजणे चूक आहे. ते घेऊन गावी परत जाता येत नाही, आणि शहरात बाळाला पाजत नोकरी टिकवता येत नाही, अशी तिची कोंडी झालेली असते.

विवाहित स्त्रियाही मुले स्वाधीन करतात, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. नवऱ्याने सोडलेली, पदरी आधीच दोन-तीन मुले असलेली आणि पुन्हा गरोदर राहिलेली बाई. विधवा झाल्यावर दुसरे लग्न ठरले, पण पहिल्या नवऱ्याचे मूल स्वीकारायला नवे सासर तयार नाही अशी तरुणी. गंभीर व्यंग असलेले बाळ जन्मल्यावर शस्त्रक्रियेच्या खर्चाने आणि पुढच्या आयुष्याच्या कल्पनेने हबकून गेलेले जोडपे. आणि मुलगी झाली म्हणून सासरने पाठ फिरवलेली माता. शेवटच्या कारणाबद्दल लिहिताना मला आजही संताप येतो. अधिनियमात "शारीरिक, भावनिक आणि सामाजिक कारणे, जी त्यांच्या नियंत्रणाबाहेर आहेत" असा शब्दप्रयोग आहे, आणि या सगळ्या कहाण्या त्या एका ओळीत सामावलेल्या आहेत.

स्वाधीन करण्यापूर्वी समुपदेशन होते. बाळ स्वतःजवळ ठेवायचे असल्यास कोणती मदत मिळू शकते, आईसाठी निवारा कोठे आहे, माहेरच्यांशी कोणी बोलावे, हे सर्व तिच्यासमोर मांडले जाते. त्यानंतरही तिने निर्णय घेतला, तर पुढच्या दोन महिन्यांत तो मागे घेण्याचा तिला अधिकार असतो. या काळात काही माता परत येतात. त्यांच्यातल्या प्रत्येकीच्या मागे एखादी आई, बहीण, मैत्रीण किंवा घरमालकीण उभी राहिलेली असते, हे मी इतक्या वेळा पाहिले आहे की त्याला आता योगायोग म्हणवत नाही. ज्या येत नाहीत, त्यांच्या बाजूने बोलणारे माणूस त्या साठ दिवसांत सापडलेले नसते. मुलाला दत्तक कुटुंब का लागते, याचे मला पटलेले सर्वांत खरे उत्तर हेच आहे: ज्या आठवड्यांत आईला आधार हवा होता, त्या आठवड्यांत तो मिळाला नाही. यात बाळाचा दोष नसतो, आणि बहुतेक वेळा आईचाही नसतो.

परित्यक्त मुलांची कारणे निराळी नसतात. निराळी असते ती भीती. समितीपुढे गेले तर नाव फुटेल, पोलीस पकडतील, या धास्तीने बाळ रिक्षात, रुग्णालयाच्या स्वच्छतागृहात, रेल्वेच्या डब्यात किंवा झुडपात सोडले जाते. असे सोडलेले प्रत्येक बाळ वाचत नाही. बारा वर्षांखालील मुलाला उघड्यावर टाकणे हा भारतीय न्याय संहितेप्रमाणे गुन्हा आहे, आणि त्यासाठी सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. या उलट समितीपुढे मूल स्वाधीन करणे पूर्णपणे कायदेशीर आहे आणि आईची ओळख गोपनीय ठेवली जाते. ही माहिती प्रत्येक प्रसूतिगृहात, प्रत्येक आशाताईपर्यंत पोहोचली, तर कित्येक जीव वाचतील. असे बाळ कोणालाही आढळले, तर चोवीस तासांच्या आत १०९८ या मुलांसाठीच्या मदतक्रमांकावर, पोलिसांना किंवा बाल कल्याण समितीला कळवणे बंधनकारक आहे, आणि न कळवणे हाही गुन्हा आहे.

याच ठिकाणी एक इशारा द्यायला हवा. दीर्घकाळ थांबलेल्या दांपत्यांना कधी कधी एखाद्या खासगी प्रसूतिगृहातून किंवा मध्यस्थाकडून निरोप येतो की "एक मुलगी आपले बाळ ठेवणार नाही, तुमच्याच नावावर जन्मदाखला करून देतो". कृपया या वाटेला जाऊ नका. नियमबाह्य दत्तकासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि मुलाची खरेदी-विक्री झाली असल्यास शिक्षा याहून कडक आहे. त्यापेक्षाही गंभीर बाब म्हणजे त्या बाळाच्या आईला फेरविचाराचा अवधी मिळालेला नसतो, तिची संमती खरी होती की दडपणाखालची हे कोणी तपासलेले नसते, आणि पुढे प्रकरण उघडकीस आल्यास चार-पाच वर्षांचे झालेले, तुम्हालाच आईबाबा म्हणणारे मूल संस्थेत नेले जाते. शंभर रुपयांच्या कागदावर नोटरी केलेले दत्तकपत्र अशा वेळी कोणालाच वाचवू शकत नाही.

आता प्रतीक्षायादीविषयी. देशभरातील नोंदणी केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण, म्हणजे "कारा", यांच्या पोर्टलवर होते. २०२४-२५ या वर्षात देशात ४,५१५ दत्तकविधाने झाली, त्यांपैकी ४,१५५ देशांतर्गत होती, आणि हा गेल्या अनेक वर्षांतील उच्चांक मानला गेला. महाराष्ट्र या बाबतीत सातत्याने आघाडीवर आहे. परंतु वाट पाहणाऱ्या पालकांची संख्या तीस हजारांहून अधिक आहे, आणि त्यांतील बहुतेकांना दोन वर्षांखालील निरोगी बाळ हवे आहे. तशी बाळे कमी आहेत, आणि आई स्वतःच बाळ सांभाळू शकली म्हणून ती कमी होत असतील तर त्याचा आनंदच मानायला हवा. तुमचा क्रमांक लागत नाही तो यामुळे. कोणत्याही संस्थेने मुद्दाम मूल अडवून ठेवलेले नसते.

आणि तरीही कुटुंबाच्या प्रतीक्षेत असलेली दत्तकमुक्त मुले आहेत. पालक ज्या मुलाची वाट पाहत आहेत आणि जी मुले पालकांची वाट पाहत आहेत, ती एकच नाहीत. थांबलेली मुले प्रामुख्याने सहा वर्षांवरील आहेत, भावंडांसह आलेली आहेत, किंवा विशेष गरजा असलेल्या गटातील आहेत.

"विशेष गरजा" हे शब्द वाचताच बहुतेक दांपत्ये पुढचे पान उलटतात. म्हणून त्यांत काय काय येते ते सांगते. जन्मजात दुभंगलेला ओठ किंवा टाळू, हृदयातील लहान छिद्र, वाकडे पाऊल, कमी वजन व अपुऱ्या दिवसांची प्रसूती यांमुळे वाढीत थोडे मागे पडलेले बाळ, एका कानाने कमी ऐकू येणारे मूल, हिपॅटायटिस बी असलेले मूल, या सगळ्यांची नोंद त्याच गटात होऊ शकते. यांतील कित्येक स्थिती शस्त्रक्रियेने, औषधाने किंवा काही महिन्यांच्या फिजिओथेरपीने सुधारतात. आईला एचआयव्ही असल्यास बाळाच्या रक्तात तिची प्रतिपिंडे (अँटिबॉडी) सुमारे अठरा महिन्यांपर्यंत आढळू शकतात. त्यामुळे सुरुवातीच्या प्रतिपिंड चाचणीवरून बाळाला संसर्ग आहे असे ठरत नाही, त्यासाठी वेगळी चाचणी लागते. याच गटात सेरेब्रल पाल्सी, डाउन सिंड्रोम, गंभीर बौद्धिक अक्षमता असलेली मुलेही आहेत, ज्यांना आयुष्यभर आधार लागणार आहे. हा फरक झाकून ठेवणारे समुपदेशन अप्रामाणिक ठरेल. विशेष गरजा असलेल्या मुलांपैकी मोठा भाग परदेशांतील कुटुंबांकडे जातो. ती कुटुंबे आनंदाने मुले स्वीकारतात, पण ज्या व्यंगावर कळव्यातील किंवा मुंबईतील रुग्णालयात उपचार होऊ शकतात, त्यासाठी मुलाने आपली भाषा आणि देश सोडावा लागणे मला क्लेशदायक वाटते.

मोठ्या मुलांची गोष्ट वेगळी आहे. पाच-सहा वर्षांचे मूल दत्तकमुक्त होते तेव्हा त्याच्या मागे बहुधा लांबलचक काळ गेलेला असतो. आईवडील वारल्यावर काका किंवा आजोबा काही वर्षे सांभाळतात, मग आजोबाही जातात, काकांचे घर मोडते, आणि मूल संस्थेत येते. काही मुलांचे पालक हयात असतात, "पुढच्या महिन्यात नेतो" असे सांगून जातात, आधी दर महिन्याला, मग सणावाराला भेटतात, आणि हळूहळू येणेच थांबते. अशा मुलाला दत्तकमुक्त करण्याचा निर्णय घेणे समितीलाही अवघड जाते, आणि कागदावरचे चार महिने प्रत्यक्षात वर्षांत मोजावे लागतात. मूल दरम्यान मोठे होत राहते आणि मोठे झाले म्हणूनच त्याला कुटुंब मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्व राज्यांना संस्थांतील अशी मुले दर दोन महिन्यांनी शोधून त्यांची नोंद करण्याचा आदेश दिला, तो याच विलंबामुळे. भेटीला कोणीच येत नाही अशा मुलांचाही आता दत्तकासाठी विचार होऊ लागला आहे, हे मी या क्षेत्रातील फार महत्त्वाचे पाऊल मानते.

मोठे मूल घरी आणणाऱ्या पालकांना सुरुवातीचे काही महिने कठीण जातात, हे मी स्पष्ट सांगते. मूल उशीखाली पोळी लपवून ठेवते, रात्री दिवा बंद करू देत नाही, पहिले काही आठवडे अतिशय आज्ञाधारक वागते आणि मग एके दिवशी साध्या कारणावरून घर डोक्यावर घेते. "मलाही परत पाठवणार का" हा त्याचा न विचारलेला प्रश्न असतो. त्याला पूर्वीचे आयुष्य आठवते, त्याची आधीच्या माणसांवर माया असते, आणि नव्या आईवडिलांनी ती आठवण पुसण्याचा प्रयत्न केल्यास नाते बिघडते. भावंडे असतील तर त्यांना एकत्रच द्यावे असा आग्रह धरला जातो, आणि माझ्या अनुभवात तो आग्रह योग्यच आहे. एकदम दत्तकाची तयारी नसेल, तर सहा वर्षांवरील मुलांसाठी प्रतिपालकत्वाची, म्हणजे फॉस्टर केअरची वाट आहे. २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार दोन वर्षे मूल कुटुंबात राहिल्यावर दत्तकासाठी अर्ज करता येतो. पूर्वी ही मुदत पाच वर्षांची होती.

घरातील ज्येष्ठांच्या शंकेला मी हसण्यावारी नेणार नाही, कारण ते आजी-आजोबा होणार आहेत आणि त्यांचा स्वीकार मुलाला लागणारच आहे. गरोदरपणातील उपासमार, भीती, उपचारांचा अभाव यांचा बाळाच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. जन्मदात्यांचा वैद्यकीय इतिहास कित्येकदा अपुरा असतो, आणि परित्यक्त बाळाच्या बाबतीत तो मिळतच नाही. इतकी अनिश्चितता खरी आहे आणि ती स्वीकारावी लागते. मात्र आईची अगतिकता बाळाच्या स्वभावात उतरते, या समजाला काहीही आधार नाही. ज्येष्ठांना समुपदेशनाच्या बैठकीला सोबत घेऊन जा. दत्तक घेतलेल्या एखाद्या कुटुंबातील आजीशी त्यांची गाठ घालून द्या. आमच्या बोलण्याने जे होत नाही ते अशा एका भेटीने होते. मुलाला तो दत्तक असल्याचे लहानपणापासून, सोप्या शब्दांत सांगावे लागेल, आणि तेव्हा त्याच्या जन्मदात्रीविषयी घरात कोणत्या शब्दांत बोलले जाते याला फार महत्त्व येईल. "तुला टाकून दिले" हे वाक्य या घरात कोणीही उच्चारणार नाही, असे आजच ठरवा.

शेवटी तुमच्यापुरते काही व्यावहारिक. ऐरोली ठाणे जिल्ह्यात येत असल्यामुळे तुमचा बाल संरक्षण कक्ष ठाण्याचा आहे, आणि १ सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचा अंतिम आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. खारघर, कामोठे, पनवेल या भागांत घर बदलण्याचा विचार असल्यास तो भाग रायगड जिल्ह्यात येतो हे ध्यानात ठेवा आणि पत्त्यातील बदल पोर्टलवर व संस्थेला वेळीच कळवा. गृहभेट अहवाल तीन वर्षे वैध असतो, तुमची दोन वर्षे संपली आहेत, तेव्हा नूतनीकरणाची चौकशी आताच करा. वयाचाही हिशेब करा: दोन वर्षांपर्यंतच्या मुलासाठी पतिपत्नींच्या वयांची बेरीज ८५ पेक्षा अधिक चालत नाही, दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी ९०, चार ते आठ वर्षांसाठी १०० आणि त्यापुढील मुलांसाठी ११० अशी मर्यादा आहे.

मोठ्या किंवा विशेष गरजा असलेल्या मुलाचा विचार करायचा की नाही, हा निर्णय सर्वस्वी तुमचा आहे. तो दयेपोटी किंवा क्रमांक लवकर लागावा म्हणून घेऊ नका, कारण त्याची किंमत मुलाला मोजावी लागते. पण केवळ शब्दाला घाबरून नकारही देऊ नका. विशेष गरजा असलेली मुले नोंदणीकृत पालकांना प्रतीक्षायादीतील क्रमाची वाट न बघता पोर्टलवर पाहता येतात. प्रत्येक मुलाचा अभ्यास अहवाल व वैद्यकीय तपासणी अहवाल पोर्टलवर असतो. कोणत्या उपचारांचा खर्च तुम्ही पेलू शकता, दोघांपैकी कोणाला पहिले वर्ष नोकरीतून रजा मिळू शकते, जवळ थेरपीची सोय आहे का, हे आधी कागदावर लिहून काढा, आणि अहवालातील शब्द समजावून सांगतील अशा बालरोगतज्ज्ञांशी आत्ताच बोलून ठेवा, कारण मूल दाखवले गेल्यानंतर ते राखून ठेवण्यासाठी तुम्हाला ४८ तासच मिळतील.